प्रमुख पाहुण्यांची जांभई

वारजे, पुणे
गुरुवार, १२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

आधी माफी मागते. तू गेल्यावर ठरवलं होतं की डायरीत अधूनमधून तुला उद्देशून लिहायचं. त्यानंतर एक ओळही लिहिली नाही. कारण विचारू नकोस. जे कारण सांगेन त्यावर तू नुसतं "हं" म्हणशील, आणि तुझं ते "हं" मला अजून ऐकू येतं.

आज लिहिते आहे, कारण मला किळस आली आहे. शब्द तपासून वापरते आहे. राग म्हणून पाहिला, दुःख म्हणून पाहिला, बसला नाही. किळसच. घरी आल्यावर उजवा हात साबणाने धुतला, मग लिंबू चोळलं, मग आईने बेसन दिलं. तरी बोटांना खवट तुपाचा वास येतोच आहे.

तुझा पाहुणा सापडला, आत्या!

तोच तो. तू ज्याला 'प्रमुख पाहुणे' म्हणायचीस. त्याची गोष्ट तू मला तुझ्या कर्वेनगरच्या स्वयंपाकघरात सांगितली होतीस, कांदा चिरता चिरता. विद्यापीठाच्या कला विभागात तू शिल्पकला शिकवायचीस, आणि विभागात बाई तू एकटीच. त्यामुळे समारंभ कुठलाही असो, कुणीतरी येऊन म्हणायचं, "मॅडम, तबक तेवढं तुम्ही धरा." मग शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ ठेवलेलं ते तबक घेऊन तू स्टेजच्या कडेला उभी. छिन्नी-हातोडीने हाताला घट्टे पडलेली बाई, आणि तिचं काम काय, तर नारळ सांभाळायचा!

"शेंडी मुद्दाम उलटी करून ठेवायचे," तू म्हणाली होतीस. "तेवढाच सत्याग्रह."

तिथे उभं राहून तू एक गोष्ट फार बारकाईने पाहिलीस. जांभया. पाहुण्यांच्या दाबलेल्या जांभया. ओठ घट्ट मिटलेले, नाकपुड्या फुगलेल्या, डोळ्यांत पाणी आणि चेहऱ्यावर विद्वत्ता. "त्या सगळ्या अडकलेल्या जांभया मी एकाच माणसाला देऊन टाकल्या," असं तू म्हणालीस आणि इतकी हसलीस की कांदा बाजूला ठेवावा लागला.

मे महिन्याच्या सुट्टीत विभागामागच्या आवारात तू तो काळ्या दगडातून काढलास. वाटोळं पोट, खांद्यावर शाल, मांडीवर नारळ, नारळाआड लपवलेल्या मनगटावर घड्याळ. डोळे गच्च मिटलेले आणि तोंड हे एवढं उघडं. सुट्टी संपल्यावर प्राध्यापक मंडळींनी तो पाहिला. प्रत्येकाला तो दुसऱ्याच कुणाचा तरी पुतळा वाटला, त्यामुळे सगळे खूश होते. मग विभाग नव्या इमारतीत गेला आणि पाहुणा जुन्या आवारात राहिला. निवृत्तीनंतर तू चौकशी केलीस, तर तिथले सगळे दगड उचलून नेल्याचं कळलं.

"खडी झाली असेल त्याची," तू म्हणालीस. "एखाद्या रस्त्याखाली आडवा झाला असेल. बरंच झालं, झोपायचंच होतं त्याला."

मी तो कधी पाहिला नव्हता. फोटोही नव्हता. हे नीट ध्यानात ठेव आत्या, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात माझा बचाव तेवढाच आहे.

विद्यापीठाने आता कलासंग्रहालय काढलं आहे. जुन्या शिक्षकांची कामं लावली आहेत, त्यात तुझी दोन रेखाटनं आहेत असं आईला कुणीतरी सांगितलं. तेव्हापासून तिने माझ्यामागे धोशा लावला होता. "वन्संची चित्रं भिंतीवर लागलीत आणि आपण बघायला जात नाही, बरं दिसतं का ते?" आता कुणाला बरं दिसायचं राहिलं होतं, कोण जाणे! पण आज ऑफिसात अर्धी रजा टाकली आणि तिला रिक्षाने घेऊन गेले.

रेखाटनं छान लावली आहेत. तुझा तो म्हशीच्या पाठीचा अभ्यास, आणि दुसरं हातांचं. आई त्यांच्यापुढे बराच वेळ उभी होती. म्हणाली, "म्हैस छान आलीय. आयुष्यभर माझ्या पोळ्यांना नावं ठेवली, पण बाईचा हात होता हो." तुमचं नणंद-भावजयीचं हे असंच. तू गेल्यावरही तिने हिशोब मिटवलेला नाही.

मग आम्ही मागच्या अंगणात गेलो आणि उदबत्तीचा वास आला.

अंगणात शिरीषाचं झाड आहे. झाडाखाली पत्र्याचं छोटं छप्पर, छपराला झेंडूची तोरणं, समोर मुलांची रांग. गळ्यात ओळखपत्रं, पाठीला सॅका, हातात पेढ्याचे पुडे. चपलांचा ढीग. छपराखाली शेंदराने माखलेलं, तेलाने ओघळलेलं काहीतरी गुबगुबीत बसलेलं होतं. त्याला चांदीचे मोठे डोळे लावलेले, गळ्यात हार, आणि हारांच्या वर एक तोंड, पेढ्यांनी बुजलेलं. ओठांवरून पांढरट लाळेसारखं काहीतरी खाली आलेलं. त्यात मुंग्या.

आईने चपला काढल्या. मीही काढल्या. हात जोडले. डोळेसुद्धा मिटले, आत्या! कुणी सांगितलं नव्हतं, कशावर विश्वास म्हणूनही नाही. पुढे शेंदूर दिसला, हात आपोआप वर गेले. तू असतीस तर माझ्याकडे नुसतं पाहिलं असतंस.

रांगेतल्या एका मुलीने आईला पुढे जागा दिली. तिची मैत्रीण तिला सायली म्हणत होती. "आजी, या ना. हे घासबाबा. आधी घास भरवायचा, मग मागायचं."

"असं का?" आई म्हणाली. "आणि काय देतात हे?"

"पेढा आत राहिला तर सगळे विषय सुटतात. खाली पडला तर बॅकलॉग."

"मग घट्ट दाबून बसवायचा की गं."

"सगळे तेच करतात, आजी."

सायलीने आईच्या हातावर एक पेढा ठेवला. आईने तो नेमाने दाबून बसवला, जसा गौरीपुढे विडा ठेवतात तसा. मग नमस्काराला वाकली आणि वाकलेलीच राहिली. मला वाटलं, कंबर धरली.

"अगं मीनू," ती खालूनच म्हणाली, "ह्या बाबाला घड्याळ आहे."

मी खाली बसून पाहिलं. नारळ होता, शेंडीसकट. शेंदराचे इतके थर की गणपतीच्या हातातला मोदक म्हणून खपून गेला असता. पण त्याच्या आड मनगट होतं आणि मनगटावर पट्ट्याचं घड्याळ. वर पाहिलं तर खांद्यावरून उतरलेली शाल, तिच्या काठाचे गोंडेसुद्धा.

आईने तोंडावर पदर घेतला. तिचे खांदे हलायला लागले. मागचा एक मुलगा हळूच म्हणाला, "आजींना भरून आलं." तिला हसू आवरत नव्हतं.

मला नाही आलं हसू. खरं सांगते, मला ओकारी आली. तो तुझा हात होता, आणि त्याच्यावर ही सगळी चिकट, गोड, आंबलेली घाण! मिटलेल्या पापण्यांवर कुणीतरी घट्ट चिकटद्रव्याने ते बटबटीत डोळे बसवले होते. झोपेला आलेल्या माणसाला जबरदस्तीने जागं ठेवावं तसं. जांभईची समाधी करून टाकली होती. नाकावर हात धरून मी बाजूला झाले, आणि तेव्हा खालची छोटी पाटी दिसली: 'ध्यानस्थ पुरुष. काळा पाषाण. शिल्पकार अनामिक.'

तिथून थेट संचालकांच्या खोलीत गेलो. संचालक म्हणजे गोड बोलणारे, इस्त्रीच्या कुर्त्यातले गृहस्थ. आम्ही कोण, ते कळल्यावर उठून उभे राहिले. "काय सांगता! आमच्या घासबाबांच्या शिल्पकार सापडल्या!" टेबलावरचा स्टीलचा डबा उघडून त्यांनी पुढे केला. "घ्या, प्रसाद घ्या आधी." तिथलेच पेढे होते. मुलं पुडा आणतात, एक तोंडात घालतात, उरलेले ऑफिसात देतात. त्यांनी एक स्वतः खाल्ला आणि बोटं चाटली. मला त्यांच्या बोटांकडे बघवेना.

"जुनी इमारत पाडली, तेव्हा राडारोड्यात मिळाली मूर्ती," ते सांगत होते. "बाजूला काढून ठेवली आणि तिथली मुलं पुजायला लागली. आम्ही इथे आणली, तर श्रद्धाही मागोमाग आली. ताई, कलाकृती एकदा लोकांची झाली, की आपण कोण?"

"ती मूर्ती नाही," मी म्हणाले. "प्रमुख पाहुणा आहे. भाषणं ऐकून जांभई देतो आहे."

ते हसले. मग हसणं थांबवलं. दार लोटून घेतलं.

"कुठले पाहुणे?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. "म्हणजे कुणी विशिष्ट? माजी कुलगुरू वगैरे नाहीत ना?"

"कुणीच नाहीत. सगळेच आहेत."

"हे बघा, असं आपल्याला लिहिता येणार नाही. मुलांच्या भावना आहेत. आणि वरचे लोक आहेत." मग त्यांचा आवाज पुन्हा मऊ झाला. "पण मॅडमचं नाव लागायलाच हवं. पितळी पाटी करू, मोठी. 'ध्यानस्थ पुरुष', खाली त्यांचं पूर्ण नाव, ज्येष्ठ शिल्पकार. छोटेखानी समारंभ घेऊ. मान्यवरांच्या हस्ते अनावरण, आणि कुटुंबीय म्हणून आपला सत्कार. शाल, श्रीफळ. आमच्या इथल्या एक मॅडम आहेत, त्या तबकाचं वगैरे सगळं बघतात."

आत्या, मी शपथेवर सांगते, हे वाक्य मी रचलेलं नाही.

"आणि 'ध्यानस्थ पुरुष' नको असेल तर?" मी विचारलं.

"तर अनामिकच राहू दे. सगळ्या पाट्यांचा मजकूर उद्या कोरायला जातोय. संध्याकाळपर्यंत कळवा."

बाहेर व्हरांड्यात आले, तर आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "हो म्हणून टाक."

"आई! अगं ते ध्यान नाहीये."

"मला सांगतेस? घड्याळ मी शोधलं." ती बाकावर बसली. "मीनू, उभा जन्म तबक धरलं वन्संनी. एका कार्यक्रमात पुकारताना त्यांचं नावसुद्धा चुकीचं घेतलं होतं, घरी येऊन जेवल्या नव्हत्या. त्यांना कुणी कधी काही दिलं का? आता पितळी पाटीवर नाव लागतंय, तर तुला वरच्या ओळीचं पडलंय. वरची ओळ कोण वाचतंय?"

तिचं म्हणणं चूक आहे, असं अजूनही म्हणवत नाही. त्या दोन रेखाटनांखालच्या चिठ्ठ्या सोडल्या, तर तुझं नाव या गावात कुठेही लिहिलेलं नाही. फ्लॅट विकला तेव्हा दारावरची पाटीसुद्धा नव्या माणसाने काढून टाकली. माझ्यासारखी भाची तिच्या तत्त्वांसाठी तुला अनामिक ठेवणार, म्हणजे फुकटचा मोठेपणा माझा आणि तोटा तुझा, असं तर नाही?

आणि एक तक्रार आहे माझी. तू सही का करत नव्हतीस गं? विचारलं की म्हणायचीस, "सही पासबुकावर करतात." म्हणायला छान आहे! आज मागे राहिलेल्यांनी काय करायचं? आईला हे म्हणाले, तर ती म्हणाली, "सही केली असती, तर पोरांनी तिच्यावरही कुंकू वाहिलं असतं." तेही खरंच.

दुसरी अडचण तुझीच. तुझं ठाम मत होतं की गंमत समजावून सांगायची नाही. ज्याला कळली नाही त्याला ती कळू नये, यातच निम्मी गंमत आहे, असं तू म्हणायचीस. मग मी त्या अंगणात उभं राहून मुलांना काय सांगू? मुलांनो, ही उपहासात्मक कलाकृती आहे? हे वाक्य नुसतं मनात आलं, तरी मला स्वतःची शिसारी आली. आणि नाही सांगितलं, तर आणखी काही वर्षांनी तिथे फरशी होईल, दिवे लागतील, गुरुवारचा भंडारा होईल. तू घडवलेला एकमेव विनोद देव होऊन बसेल. तू बाबा घडवणारी बाई होशील. तू!

मी परत अंगणात गेले. काय करणार हे ठरवलेलं नव्हतं. त्याच्यासमोर उभी राहिले आणि ते बुजलेलं तोंड बघून मला एकदम श्वास कोंडल्यासारखं झालं. माझाच. बाही वर केली आणि हात आत घातला.

आत्या, लिहितानाही अंगावर काटा येतो. वरचे पेढे मऊ होते, त्याखालचे घट्ट, त्याखाली नुसता लगदा. साखरफुटाणे, भिजलेला अंगारा, घडी करून कोंबलेले परीक्षेचे नंबर, नारळाचा काळा पडलेला तुकडा. मनगटापर्यंत हात गेला, तरी संपेना. एक झुरळ बोटांवरून बाहेर पळालं आणि मी ओरडले. हात मात्र काढला नाही, का ते माहीत नाही.

रांगेत गलका झाला. "ओ काकू! काय करताय?" "काकू, प्लीज, उद्या सबमिशन आहे आमचं!" "अरे, सरांना बोलव कुणीतरी!"

मला तोंड उघडता येईना, उघडलं असतं तर उलटी झाली असती. आई पुढे झाली. कमरेवर हात ठेवून रांगेकडे वळली.

"ओरडू नका. बाबांचे दात घासतेय ती. तुम्ही नुसतं भरवता, बाबांनी चूळ कधी भरायची? तुमच्या आयांनी तुम्हाला असंच ठेवलं होतं का?"

सायली म्हणाली, "तसं अनहायजिनिकच आहे हे." आणि तिने सॅकमधली पाण्याची बाटली काढून दिली. तिच्या मैत्रिणीने ओले रुमाल दिले. कुणीतरी कचऱ्याचा डबा सरकवला. मी काढत गेले, आई पाणी ओतत गेली. चांदीच्या डोळ्यांनाही हात घातला. एक जरा हलतो आहे, पण निघत नाही. शेंदूर तर नखानेही सुटत नाही, त्याचं पार कवच झालं आहे.

तोंड मात्र रिकामं झालं. बोटं आतल्या दगडावर टेकली आणि मी थांबले. आत्या, तू आत काय करून ठेवलं होतंस! बाहेर सगळीकडे तुझ्या छिन्नीचे खडबडीत टवके आहेत, आणि आत टाळू गुळगुळीत, घासून पुसलेल्या दगडी पाटीसारखी. मागच्या दाढा. जीभ मध्यभागी किंचित खोलगट, मागे सरकलेली, जांभईत सरकते तशी. तिच्याही मागे, अगदी अंधारात, इवलीशी पडजीभ. तिथे हात वाकडा करून, न बघता काम केलं असशील. कुणाला दिसणार होतं ते?

सायलीने मोबाइलचा टॉर्च लावला. "ए, आत बघ ना, काय भारी आहे!" चार-सहा डोकी पुढे आली. सगळी वाकून, मान तिरकी करून त्या उघड्या तोंडात बघत होती.

आणि सायलीला जांभई आली.

खरी, मोठी, आवाजासकट. ती "सॉरी, सॉरी" म्हणत तोंडावर हात ठेवते आहे, तोवर तिच्या मैत्रिणीला आली. मग मागच्या उंच मुलाला. मग आईला, कवळीपर्यंत दिसेल अशी. मी दाबायचा प्रयत्न केला. ओठ मिटले, नाकपुड्या फुगल्या, डोळ्यांत पाणी आलं. आणि शेवटी मीही दिली, आत्या, त्याच्या तोंडासमोर तोंड करून.

"अरे," तो उंच मुलगा डोळे पुसत म्हणाला, "बाबा जांभई देतायत!"

"गप रे."

"आईशप्पथ! बघ ना! आपला डीनच्या लेक्चरला बसलेला चेहरा आहे हा!"

हसले सगळे. कुणी काही समजावलं नव्हतं. आई माझ्या कानाशी म्हणाली, "चल आता, भाषण फार लांबलं."

इथे थांबले असते, तर तुला बरं वाटलं असतं. पण मी थोडंफार खरं लिहायचं ठरवलेलं आहे. फाटकापाशी पोचून मागे वळून पाहिलं. रांग पुन्हा लागली होती. हसणाऱ्यांपैकीच एकाने पुडा सोडला, इकडेतिकडे पाहिलं आणि त्या स्वच्छ, ओल्या, सुंदर तोंडात पेढा ठेवला. दोन्ही कान धरले. त्याला गंमत कळली होती, आत्या. कळूनसुद्धा ठेवला. उद्या सबमिशन होतं ना!

मला पुन्हा किळस आली, ती अजून गेलेली नाही. न कळणाऱ्यांची मला चीड येत नाही. कळूनही हात जोडणाऱ्यांची येते, आणि त्यांच्यात आज चपला काढून उभी असलेली मी आहेच.

रिक्षातूनच संचालकांना फोन केला. म्हटलं, आत्याचं नाव घालायचं असेल, तर वर 'प्रमुख पाहुणे' लिहा. 'ध्यानस्थ पुरुष' ठेवणार असाल, तर तिचं नाव घालू नका. सत्काराला आम्ही येणार नाही.

"ताई, नीट विचार केलात ना?" ते म्हणाले. "पितळेवर एकदा अनामिक गेलं की गेलं."

"जाऊ दे," मी म्हणाले. आणि फोन ठेवून दिला.

म्हणजे अनामिकच जाणार, हे उघड आहे. तुझं नाव मी माझ्या तोंडाने खोडलं. बरोबर केलं का? रिक्षा कर्वेनगरात तुझ्या जुन्या गल्लीवरून गेली, तेव्हा मला वाटलं की चूक केली. आता इथे टेबलाशी बसून वाटतं की बरोबर केलं. उद्या काय वाटेल, सांगता येत नाही. एवढं मात्र पक्कं माहीत आहे: ज्या माणसाला तू जांभई दिलीस, त्याच्या खाली ध्यान असं लिहून, शेवटी तुझं नाव जोडलं असतं, तर त्या स्टेजवर तबक धरून तू कायमची उभी राहिली असतीस.

मगाशी बेसनाची वाटी देताना आई एवढंच म्हणाली, "लिहिणार आहेस ना वन्संना? मग हेही लिही, की नावासाठी मी भांडले होते." लिहिलं. ती खरंच भांडली, आत्या. पोळ्यांचं आता विसर.

आता वचन. तुझी गंमत मी कुणाला समजावून सांगणार नाही. संग्रहालयात नाही, पेपरात पत्र लिहून नाही, मुलाबाळांना नाही. पण ते तोंड बुजू देणार नाही. दर आठवड्याला जाईन आणि आतपर्यंत मोकळं करून येईन. कुणी हटकलं, तर आईचं उत्तर तयार आहे. एखाद्या दिवशी तरी त्या रिकाम्या तोंडात कुणीतरी डोकावेल, त्याला जांभई येईल, आणि तो पेढा परत पुड्यात ठेवेल. एवढं झालं तरी पुष्कळ.

आणि हो, दर आठवड्याला जाऊन मूर्तीला स्नान घालणाऱ्या बाईला काय म्हणतात, ते माझ्याही लक्षात आलं आहे. तू "हं" म्हणायच्या आत सांगते: गुरुवारी जाणार नाही. शुक्रवारी जाईन.

तुझी,
मीनू

उद्या: बाटल्या धुवायचा लांब दांड्याचा ब्रश घेणे.